कपड्यांचे चिमटे, सहा डझन

इस्मेनिया बारिएन्तोस आली तेव्हा
संग्रहालयाचं दार वाऱ्यानंच उघडलं.
हातगाडीवर सात खोकी, वर ताडपत्री.
"बाबांचे कागद," म्हणाली, "घरात उंदीर झालेत."
पावतीवर सही केली, चहा नको म्हणाली,
आणि गेली.

पुन्ता अरेनासच्या पुढे फारशी गावं नाहीत,
सामुद्रधुनी आहे, मग बर्फ.
वारा इथे पाचवीलाच पुजलेला.
म्हणून पहिल्या खोक्यात अगदी वर काय,
तर वाण्याचं बिल:
कपड्यांचे चिमटे, सहा डझन, रेजिमेंटच्या खात्यावर.
मागे पेन्सिलीनं कारण: स्वरलिपी उडतात.
त्याखाली हिशेबनीस, लाल शाईत:
बँडमास्तर धुणी धुतात काय?

एकतीस वर्षांची नोकरी
मी पिवळ्या फायलींत लावत गेले.
एलेउतेरियो बारिएन्तोस. भरती सतराव्या वर्षी, बिगुल.
उंची बेताची. दात शाबूत, हे अधोरेखित.
ओबो मागितला, ढोल आला.
थंडीत व्हॉल्व्ह गोठतात, पातळ तेल मिळावं,
हा अर्ज दर जूनमध्ये, शब्दाला शब्द तोच,
फक्त कर्नलचं नाव बदलत गेलेलं.
चौथ्या कर्नलनं तेल दिलं.
जानेवारीत.

एक मार्च त्यानं कर्नलच्या बायकोच्या वाढदिवसाला रचला.
दोन वर्षांनी नवा कर्नल, नवी बायको,
मार्च तोच. शीर्षकावर चिकटवलेली पट्टी
मी उजेडासमोर धरली:
खाली एमेलिना, वर फ्रेसिया.
मला तो माणूस तिथे आवडू लागला.

तालमींची वही मात्र सरळ नाही वाचता येत.
रोज तीन ओळी: काय वाजवलं, कोण उशिरा आलं, हवा कशी.
मग एका सप्टेंबरात अकरा पानं कोरी.
फाडलेली नाहीत. तारखा घातल्यात,
एकेक, त्याच्याच वळणदार अक्षरात,
तारखेखाली काही नाही.
हवासुद्धा नाही.

बाराव्या दिवशी बैठकीचा तक्ता.
दुसरा क्लॅरिनेट, लिसान्द्रो ओयार्सुन:
नावावर पट्टी लावून मारलेली रेघ,
दुसऱ्याच कोणाची, दुसऱ्याच शाईची.
बाजूला बारीक अक्षरात:
जागा राहू दे.

पुढची एकोणीस वर्षं
प्रत्येक रचनेच्या पंचवीस प्रती त्यानं हातानं उतरवल्या.
वादक चोवीस.
चोवीस प्रतींवर अंगठ्याचं तेल, सिगारेटचे डाग,
श्वास कुठे घ्यायचा त्याच्या खुणा,
एका ट्रॉम्बोनवाल्यानं काढलेली बदकं.
पंचविसावी स्वच्छ.
मी ती वेगळी ठेवणार होते, न वापरलेली म्हणून.
भिंग फिरवलं सवयीनं.
वरच्या दोन्ही कोपऱ्यांत
चिमट्याचे दात उमटलेले.

म्हणजे दर रविवारी, चौकात,
वाऱ्यात,
रिकाम्या खुर्चीपुढच्या स्टँडवर कोणीतरी तो कागद लावत होतं.
आणि पहिल्या रांगेत बसलेल्या अधिकाऱ्यांना
क्लॅरिनेट मोजता येत नसावेत.
किंवा येत असतील.

इस्मेनियाला फोन केला. म्हणाली,
"बाबा घरी शिट्टीसुद्धा वाजवत नसत.
आई म्हणायची, हा माणूस सूर बराकीतच उतरवून येतो,
बुटांसारखा."

सातव्या खोक्याच्या तळाशी एक पाकीट.
आत एकच पान, एकट्या क्लॅरिनेटसाठी,
तीन मात्रांचं.
यावर कूच होत नाही;
दोन पायांचा शिपाई तिसऱ्या मात्रेला अडखळतो.
हे त्याला माहीत नसेल असं कसं म्हणू?
वर पत्ता: दोन्या क्लोरिन्दा, लिसान्द्रोची आई.
तिकीट लावलंय. शिक्का नाही.

रस्त्याचं नाव आता बदललंय.
घर मला माहीत आहे, लाल पत्र्याचं,
माझ्या वाटेवरच.
आज संध्याकाळी तिथे दिवा होता,
दोरीवर चादरी ताठ उभ्या राहिलेल्या.

फॉर्ममध्ये रकाना आहे: दस्तऐवजाचा मालक.
तो सोडून बाकी सगळं भरलं.
न टाकलेलं पत्र
लिहिणाऱ्याचं, की ज्याच्या नावाचं,
उद्या नियमावली पाहते.