खुलासा

प्रति, ग्रामसेवक, मौजे बोरखडी खुर्द.
विषय: उकिरड्याचा वास अन् रातचा आवाज.

मी, गुंफाबाई शामराव उमाळे, गट नंबर एकशे बारा,
लिहून देते की
नोटीस पोचली. कोतवालानं हातात देली
अन् देल्याबरोबर पाणी मागितलं,
म्हणजे त्यालेही अवघडच झालं असन.

पुतण्या लिहून रायला.
तो म्हणते, काकू, मुद्द्यावर ये.

मुद्दा पयला, वास.
उकिरडा चाळीस वर्सांचा हाय,
प्लॉट नंबर चौदा दोन वर्सांचा.
कोण कोणाच्या नाकाशी येऊन बसलं
ते सातबाऱ्याले इचारा.
जिथं आता चिंचोलकर साहेबाचा झुला लटकते
तिथं माह्या जाऊनं ज्वारी सोंगली,
पोटात सहावा महिना घेऊन.
हे खोडू का, पुतण्या म्हणते.
राहू दे.
वास येते. नाही कशी म्हणू?
मलेही येते, पावसावर ऊन तापलं का.
पण दिवाळीच्या आदल्या सांजी
साहेबीणबाई टोपलं घेऊन धुऱ्यावर उभ्या राह्यतात,
ताजं पाह्यजे म्हणतात, अन् गायीचंच.
त्या सांजी त्याले वास नसते.

मुद्दा दुसरा, आवाज.
रात्री बाराले मोटार मी नाही चालू करत,
लाइन करते. आठवड्यातून चार राती.
बाराले येते, आठले जाते,
मधात फ्यूज उडाला तर तेही गेलं.
वेळापत्रक ज्यानं बनवलं
त्याच्या घराजवळ वावर नसन.
अन् पिपा मी वाजवते, ते खरं हाय.
तेलाचा रिकामा पिपा, तुटक्या जुवाच्या खुटीनं.
तुरीले शेंगा धरल्या का
रानडुकराईले कोण चिठ्ठी धाडते, कोण जाणे.
रोही तं जत्रेले आल्यासारखे येतात.
हळू आवाजात हाकलून पाह्यलं,
ऐकत नाहीत.

मुद्दा तिसरा नोटिशीत नाही.
तो मीच घालते.
मंगळवारी मी कपाशी फवारत होती
अन् वारं फिरलं.
साहेबाची नात झुल्यावर होती.
पोरगी डोळे चोळत उठली, लाल भडक,
अन् मी धुऱ्यापर्यंत गेली,
पंप पाठीवरच,
अन् परत आली.
तांब्याभर पाणी घेऊन जायले पाह्यजे होतं.
हे कोणत्या कलमात बसते मले ठाऊक नाही.
आमचा गट आधीचा हाय
हे त्या डोळ्यांले कोणत्या तोंडानं सांगू?

पुतण्यानं पेन खाली ठेवलं.
म्हणे, हे लिहिलं तर आपणच फसू.
लिही, म्हटलं.

तरी लिहून देते की
फवारणीच्या आदल्या सांजी
मी सोता त्यांच्या फाटकाशी जाऊन सांगीन.
वारं तिकडं वाहत असलं तर पंप उतरवीन.
उकिरडा हलणार नाही.
वर माती टाकीन, पऱ्हाटीचा पाला टाकीन.
पिपा वाजणार.

आता एकच राह्यलं.
त्यांची भिंत पांदणीत दीड हात आली हाय.
बंडी वळवताना चाकाची आरी घासते,
गुलाबी रंगावर ओरखडा दिसन,
पंचनाम्याले आले तर पाहा.
त्याचा अर्ज मी केला नाही.
करू का, पुतण्या इचारते.
त्याचे डोळे चमकते, पोट्टं हाय अजून.
मी काही बोलत नाही.
बापानं याच्या तेच वावर इकलं,
प्लॉट पाडणाऱ्याले,
हे त्याले आठवत नसन. मले आठवते.

तेवढ्यात लाइन आली.
विहिरीवर मोटार गुरगुरली
अन् पलीकडं प्लॉट चौदाच्या खिडकीत
दिवा लागला.

सही कर, पुतण्या म्हणते.
थांब, हरभऱ्याचं बारं मोडून येते.
तारीख टाकू नको अजून.