कोरी काच

जस्ताच्या ऑक्साइडला चुंबक ओढत नाही.
मलमात असतं ते, बाळाच्या अंगाला लावतात,
पांढरं, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
त्यात शंभरात तीन भाग कोबाल्ट मिसळायचं,
काचेवर त्याचा थर चढवायचा
केसाच्या जाडीचा पाचशेवा हिस्सा,
आणि विचारायचं: आता?

तीन वर्षं मी एवढंच विचारत होते
रत्नागिरीत, कॉलेजच्या मागल्या इमारतीत,
जिथे पंप सुरू झाला की शेजारच्या वर्गातला फळा थरथरतो
आणि खिडकीच्या कड्या वाऱ्यानेच खाल्ल्या आहेत.
झुबेर होडेकर पात्राच्या झाकणाला कान लावायचा.
"गळतंय कुठेतरी."
त्याच्या घरात होड्या बांधायचे.
गळती त्याला ऐकू येते.

अठरावा नमुना
हिंगाच्या धुतलेल्या डबीत, कापसावर ठेवून
एस.टी.ने कोल्हापूरला नेला. मोजून घेतला.
आणि आलेख उघडला,
कालवाने चिखलात शिंपला जरासा उघडावा
तसा, पोटात इवली फट ठेवून.
जाताना एक वाट, येताना दुसरी.
क्षेत्र काढून घेतलं तरी काहीतरी उरतच होतं.
खानविलकर मॅडम दार लावून हसल्या.
झुबेरने खाज्याचा पुडा फोडला.
मसुद्यात माझं नाव पहिलं होतं.

काळबादेवीला घरी आले, ती फट
वर्तमानपत्राच्या कडेवर काढून लवूमामाला दाखवली.
चाळीस वर्षं तांडेल होता.
बघत बसला, मग म्हणाला,
"गो, होकायंत्र खोटं नाय बोलत.
पन बाजूला कोयता ठेवलास
तर ते कोयत्याचंच बोलतं."

आणि जेवायला उठला.
मला मात्र भात जाईना.

दुसऱ्या आठवड्यात कोरी काच पाठवली.
थर नाही, कोबाल्ट नाही, काही नाही.
त्याच डबीतून, त्याच कापसावर.
उत्तर आलं. कालव उघडंच होतं,
तेवढंच,
जणू मुद्दाम.

सूक्ष्मदर्शकाखाली कापूस पिंजला.
तंतूंच्या जाळीत एक कण.
काळा. कोपरे झिजलेले.
ओळखलाच मी. ह्याच्यावरून अनवाणी पळालेय,
एप्रिलच्या दुपारी, पाय भाजत.
फुटक्या स्पीकरचं चुंबक सुतळीला बांधून
आम्ही पोरं किनाऱ्यावरून ओढत न्यायचो,
घरी येईतो त्याला मिशा फुटलेल्या असायच्या.
सह्याद्रीचा दगड थंड होत होता
तेव्हा उत्तर कुठे ते ह्याने ऐकून ठेवलं असणार,
तेव्हाचं उत्तर, आजच्या उलटंही असेल.
मग ओढा, नदी, भरती,
माझ्या ओढणीची गाठ,
हिंगाची डबी.

मॅडमना सांगितलं.
बराच वेळ त्या पंप्याचं तेल पुसत बसल्या,
पुसून झालेलं.
मग मसुद्यातलं एक वाक्य खोडलं, मग परिच्छेद,
मग मथळा.
झुबेर फक्त म्हणाला, "गळत नव्हतं, आत येत होतं."

आता चपला बाहेर.
चिमटा प्लास्टिकचा, डबी नवी.
एकोणिसावा नमुना: रेघ.
शून्यातून सरळ जाणारी, जाताना तीच, येताना तीच.
विसावा: रेघ.
एकविसाव्यात कदाचित काहीतरी,
इतकं बारीक की मी मॅडमना अजून दाखवलेलं नाही.
आधी कोरी काच मोजणार. मग पुन्हा कोरी काच.

तो कण मी टाकला नाही.
वहीच्या मागच्या पानावर चिकटपट्टीखाली आहे,
खाली गाव लिहिलंय, तारीख लिहिलीय,
वयाची जागा मोकळी.

आईला हे सगळं सांगितलं तर ती तांदूळ निवडत होती.
"वाळू होय," म्हणाली,
"ती काय, आपल्या भातातसुद्धा असते."