चव्वेचाळीस इंच

एजन्सीवाला म्हणाला, नुसता गार्ड साडेनऊ हजार,
बंदूक स्वतःची असेल तर सोळा.
प्रेस बंद झाल्यापासून
मला आकडे ऐकू येत नाहीत,
त्यांच्यामधला फरक ऐकू येतो.

लायसन्स निघायला चार वर्षं लागली.
ठाण्यातला मुन्शी दर खेपेला आडनावाशी अडायचा,
पोतनीस? ये कौन लोग हुए?
पणजोबा शिंद्यांच्या फौजेत होते, मी सांगायचो.
काडतुसं मोजायला होते, हे सांगत नसे.
आमच्या घराण्यात गोळी कुणी झाडली नाही,
हिशेबात मात्र एकही कमी पडली नाही.

कंपूच्या रस्त्याला खंडेलवालचं दुकान.
तीनशे पंधरा बोर, ईशापूरची.
फौजेतल्या रायफलीची सख्खी बहीण, तो म्हणाला,
काडतूस तेवढं वेगळं, कायद्यात बसणारं.
मालक भिंडकडचे कुणी भदौरिया, वारले.
मुलगा पुण्यात कॉम्प्युटरवर, त्याला नको.
नव्वद. तुमच्यासाठी पंच्याऐंशी.
म्हणजे तेरा महिने, मी मनात.

किती चाललीय?
तो हसला. लग्नांत दोनदा,
एकदा नीलगायीवर, चुकली.
बाकी दर निवडणुकीला ठाण्यात जमा.
घरात कमी, मालखान्यातच जास्त नांदली.

बोल्ट काढून त्यानं नळी ट्यूबलाइटकडे धरली.
आत उजेड पिळत पिळत गेला होता,
ओलं धोतर पिळावं तसा,
आणि तोंडापासून चार बोटांवर
गंजाचा डाग, मसुराएवढा.
तेलानं जाईल.
तीस वर्षं मशीनवर काढली मी,
कुठला गंज तेलानं जातो ते कळतं.
हा जाणारा नव्हता.
बोललो नाही. भाव पाडायला राखून ठेवला.

मग खांद्याला लावली.
दस्त्यावर एका जागी पॉलिश उडालेलं,
भदौरियांच्या गालानं.
माझा गाल बरोब्बर तिथं बसला.
दुसऱ्याची चप्पल घातल्यावर
अंगठ्याचा खळगा लागतो ना, तसं.
लाज वाटली.
आणि, खोटं कशाला बोलू, बरंही वाटलं.
या गावात खांद्यावर ही असली
की दुकानदार आधी पाणी विचारतो.

समोर रस्त्यापलीकडे
एकजण उसाचा रस पीत होता.
माशीच्या टोकावर आला.
त्याला काय ठाऊक, पीत राहिला,
मग हातरुमालानं मिशी पुसली.
मी नळी खाली घेतली.
चाप ओढून बघा, खंडेलवाल म्हणाला, रिकामी आहे.
भिंतीकडे वळलो.
खट्.

कालिंदीनं सगळं ऐकून घेतलं.
एफडी मोडणार का, विचारलं नाही.
कुणावर झाडणार, तेही नाही.
म्हणाली, ठेवायची कुठे?
कुलपाचं कपाट एकच,
त्यात ऋजुताच्या मार्कशीट, गॅसचं पुस्तक,
हिचा शालू आणि माझं लायसन्स.
लांबी किती?
चव्वेचाळीस इंच.
ब्लाउजची टेप घेऊन ती कपाटात वाकली.
उभी बसत नाही. तिरकी बसेल,
पण मधला कप्पा काढावा लागेल.
अंदाज यावा म्हणून दारामागच्या भिंतीवर
खडूनं रेघ मारली तिनं, जमिनीपासून मोजून.

तिथं आधीच पेन्सिलीच्या रेघा होत्या.
ऋजुता, पाच पूर्ण.
त्यावर चार बोटांनी, ऋजुता, सहा.
खडू दोन्हींच्या मधे पडला.
ती टेप गुंडाळत बसली, बराच वेळ.

आज गुरुवार.
खंडेलवालचे तीन फोन येऊन गेले,
कुणी मुरैन्याचा बघून गेलाय म्हणे.
एजन्सी सोमवारपर्यंत थांबेल.
रेघ पुसायला फडकंही नको, नुसता तळवा पुरे.
दार सताड उघडं ठेवलं की ती मागे झाकते.
बाहेर लू वाहतेय, माठसुद्धा तापलाय,
तरी तीन दिवस
आमच्यापैकी कुणीच दार लावलेलं नाही.