फेऱ्यांची वही

परभणीच्या हेड पोस्टात, मनीऑर्डरच्या जुन्या खिडकीमागं
परराष्ट्र खात्याची अडीच खोल्यांची हद्द.
एक कॅमेरा, ठसे घेणारं एक यंत्र,
आणि भिंतीवर जगाचा नकाशा :
अरबी समुद्रात कुणीतरी पंख्याचं बटण बसवलंय.

मी तपासणीला आले होते.
प्रलंबित : शून्य.
तक्रारी : शून्य.
सरासरी निपटारा : अकरा दिवस.
आकडे कसे, इस्त्री केलेले.
देगलूरकर साहेब म्हणाले, बघा मॅडम, काही निघायचं नाही.
आणि खरंच निघत नव्हतं.

बावीस वर्षांच्या नोकरीत पाहिलेलं शून्य
बहुतेक वेळा झाकण असतं.

दुपारी खाजामियांनी चहा आणला,
कपाखाली ठेवायला काही सापडेना
म्हणून खिशातली वही ठेवली.
लाल, उभी, दोऱ्यानं शिवलेली.
हे काय?
"काई नाई मॅडम. चहाची उधारी हाय."

उधारी होतीच.
पण वही मागून उघडली तर आत माणसं होती.
नाव, गाव, कुठं जायचं, आणि पुढं उभ्या रेघा,
एका फेरीला एक. काम झालं की वरून आडवी.

शेख अतीक, पाथरी, दुबईला प्लंबर. तीन. आडवी.
द्रौपदी घनसावंत, सेलू, लेकीच्या बाळंतपणाला मस्कत. पाच. आडवी.
उज्ज्वला सोनकांबळे, पालम, नर्स, कुवेत.
चौदा.
आडवी नाही.

फाईल काढायला लावली.
संगणकात ती 'अर्जदाराने बंद केला' या खणात निजलेली,
म्हणजे शून्याच्या आत.
हरकत एका ओळीची :
आईचं नाव आधारवर शेवंता, दाखल्यावर शेवंताबाई.

बाई.
दोन अक्षरं.
गंगाखेडला गाडी बदलून
पिशवीत गुंडाळून आणलेली चौदा वेळा,
चौदा वेळा तशीच परत नेलेली.

देगलूरकर वाईट माणूस नाही.
महिन्याच्या पाच तारखेला वरून तक्ता येतो,
त्यात फेऱ्यांचा रकाना नाही.
रकाना नाही म्हणजे फेऱ्या नाहीत.
तक्ता कुणी आखला म्हणून पान उलटलं,
तर खाली सही माझी.
सात वर्षांपूर्वीची. शाई अजून निळी.

संध्याकाळी फोन लावला.
ती नांदेडात, एका दवाखान्यात, रात्रपाळीला निघालेली.
रागावली नाही, तेच अवघड गेलं.
म्हणाली, "कुवेतची जागा तर गेली, मॅडम.
पण आता तुम्ही आहात म्हणून विचारते,
बाई लावायचं होतं का काढायचं होतं?"

एक साधं हमीपत्र घेतलं असतं
तर नियमात दोन्ही चाललं असतं.
मी म्हणाले, कळवते.

लॉजवर बसून नवा तक्ता आखला.
पहिलाच रकाना : फेऱ्या.
दुसरा : बंद म्हणे कोण? अर्जदार की आपण?
(हे नंतर सरकारी भाषेत लिहिलं.)
तिसरा : विचारलं का त्याला, फोन करून, माणसासारखं?
(हा खोडला. मग परत लिहिला.)

वरून उत्तर आलं :
सदर रकाना अनावश्यक.
शिपाई संवर्गाकडून माहिती घेण्याची तरतूद नाही.
मी पुन्हा पाठवला. परत आला.
समासात शेरा, 'चर्चा करावी',
कुणी कुणाशी, ते नाही.
पुन्हा पाठवला.

परवा परभणीला गेले तेव्हा
खाजामियांना म्हटलं, माझंही नाव लिहा.
त्यांनी चष्मा लावला, दोरा सोडला.
"गाव?"
विभागीय कार्यालय.
"जायचं कुठं?"
मला पटकन सांगता येईना.
त्यांनी ती जागा कोरी ठेवली
आणि पुढं सावकाश रेघा ओढल्या, तीन,
बोटानं शाई वाळवली.

मग पान उलटून म्हणाले,
"आन् चहाचे चोवीस हायेत, मॅडम.
मागच्या बारीचे."