फक्त ॲडमिन

ग्रामसभेचा फोटो चढवायचा असतो
बाराच्या आत, ठिकाणासकट.
जिंतूरच्या टॉवरची एकच दांडी,
तिच्यात बसतील एवढी माणसं
मी गिरणीतून, टपरीवरून गोळा करतो. नऊ.

बाकी गाव ग्रुपवर. चारशे बारा.
ठराव येतो, खाली अंगठे उमटतात.
सही न येणाऱ्याला गाव हसायचं :
अंगठेबहाद्दर.
आता हेडमास्तरसुद्धा.

लिहायची मुभा फक्त ॲडमिनला.

आज चतुराबाई घनसावंत आल्या,
वार्ड तीनच्या मेंबर.
ग्रुपात त्यांच्या नावावर पुतण्याचा नंबर.
"काहून रे, मी कव्हा हो म्हणले?
आमच्या मसणवट्याचा रस्ता
कुठाय तुझ्या ठरावात?"

मी शाईचा पॅड सरकवला.
त्यांनी पेन मागितला.
च.
मग बराच वेळ.
तु.
रा काढताना जीभ दातांत.
टेबलावर माझा फोन थरथरत राहिला,
सरपंचबाईंचे मालक : झाला का फोटो?

ग्रुप मीच काढलेला, कंप्युटरवाला म्हणून.
आत कुठंतरी एक टिकली असते,
इकडची तिकडं होते, एवढंच.
रात्री नऊला केली.

तासाभरात तीनशे मेसेज :
शुभ रात्री, गुलाबं,
हरवलेली करडी शेळी,
कुणी कुणाची आई काढलेली,
आणि मधेच, पुतण्याच्या नंबरावरून,
सात सेकंदांचा आवाज.
खोकला. भांडं पडल्याचा खणका.
"हाव, मी चतुरा बोलायलेय. त्यो रस्ता..."

तिथंच तुटलं.
बोलताना अंगठा दाबून धरावा लागतो,
हे त्यांना कुणी सांगितलं नसणार.

मालकांचा चौथा कॉल.
वाजू दे.