यादी

बिस्मार्कच्या एकोणीस मजली विधानभवनात
वर्षातून तीन दिवस पोरं सरकार चालवतात.
माझ्या छातीवर पट्टी: हारलान, मार्गदर्शक.
मार्ग म्हणाल तर तीस वर्षं मोकळा केलाय,
पिवळा दिवा लावून, बर्फ बाजूला सारत;
मागून कोणी येतंय का
ते पाहायची सवय मात्र नव्हती.

मला चौघं दिली.
एकाचा कोट काकाचा, बाही बोटांवर येते.
एकीला हातोडा वाजला की उचकी लागते.
टोबायस कशालाही हरकत घेतो.
आणि मारित ओमोट,
न्याहारीला नुसता संत्र्याचा रस पिणारी,
विधेयक क्रमांक बावीस मांडणारी:
खडीच्या रस्त्यांवरचा बर्फ
शाळेच्या बसआधी काढावा.

मी म्हटलं, पोरी, ते तसं नसतं.
आधी महामार्ग, मग दवाखाना, मग गाव,
वेळ उरला तर खडीचे रस्ते.
यादी असते.
तिची पेन्सिल थांबली.
"यादी कोणी केली?"

तीस हिवाळे ती माझ्या गाडीत
आरशामागे खोचलेली होती.
कडा मऊ पडल्या, कॉफी सांडली,
साहेब तीन बदलले, यादी तीच.
कोणी केली हे विचारणं
म्हणजे वाऱ्याला त्याचं गाव विचारणं.
माहीत नाही, म्हटलं.
तिने वहीत तेवढंच उतरवलं:
माहीत नाही.

रात्री मोटेलात पोरांच्या दारांना आम्ही चिकटपट्टी लावतो,
कोणी बाहेर पडलं तर कळावं म्हणून.
बाराच्या फेरीत तिची पट्टी शाबूत,
फटीतून उजेड, आतून आवाज:
"माननीय सदस्यहो",
पुन्हा "माननीय सदस्यहो",
तिसऱ्यांदा जरा रागाने.
मी पाय न वाजवता पुढे गेलो.

चर्चेत टोबायसने हरकत घेतली,
कोणाच्या बाजूने, ते त्यालाही ठाऊक नसावं.
फार्गोच्या एका मुलाने विचारलं,
खडीच्या रस्त्यावर राहतात तरी किती जण?
मारित म्हणाली, "माझ्या थांब्यावर दोघं.
मी आणि धाकटा भाऊ.
तो वाऱ्याकडे पाठ करून उभा राहतो,
मी त्याच्याकडे तोंड करून."

बाजूने एकतीस, विरोधात चौतीस.
मागच्या बाकावरच्यांना मत नसतं.
मी हात मांड्यांखाली घेऊन बसलो होतो,
लहानपणी चर्चमध्ये बसायचो तसा.

ती आली. म्हणाली, पडलं.
धीराचे दोन शब्द बोलायचे होते,
त्यासाठीच तर बोलावतात आम्हाला.
तोंडून निघालं, "तुझा रस्ता कोणता?"
"धान्याच्या कोठारापुढे, उत्तरेला,
जिथे तारांचं कुंपण संपतं."

ते वळण मला ठाऊक.
तिथे पोचलो की मी थर्मास उघडायचो,
शेवटचा घोट.
अकरा वाजलेले असायचे.
शाळा आठची.

"तो माझ्याकडे होता," म्हटलं.
तिने माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ.
मग शेजारची खुर्ची ओढली,
वहीचं कोरं पान काढलं.
"बसा," म्हणाली.
"पहिल्या रस्त्यापासून सांगा."