चालू राहिल्याचा दाखला

दर महिन्याच्या पाच तारखेआधी
सरांची सही घेऊन द्यावं लागतं
की सदर विद्यार्थिनी संशोधन करीत आहे, समाधानकारक.
ऑफिसातले लोटलीकर शिक्का मारतात,
शाई फिकी, म्हणून दोनदा.
फेलोशिप तरी एप्रिलपासून नाही.
वरून आली नाही, म्हणतात लोटलीकर
आणि वर बघतात. वर पंखा आहे.

ताळगावच्या पठारावर रात्री अकराला
मी मांडवीचं मुख मशीनवर चालवते:
आठ लाख चौकोन,
प्रत्येकात थोडं पाणी, थोडी वाळू.
रांगेत माझा नंबर सतरावा.
पुढे कुणाच्या आकाशगंगा, कुणाचे रेणू.
थांबणं तेवढं जमतं आता.

एर्मेलिंदाबाई भाड्याचं विचारत नाहीत.
विचारत नाहीत हे कळावं
इतक्या वेळा दारावरून जातात.

निकाल आला तो चुकीचा.
मॉडेल म्हणतं, उत्तरेला वाळू साचणारच नाही;
मोजणी म्हणते, साचली, चांगली पुरुषभर.
तीन आठवडे घर्षणाचा आकडा पुढेमागे केला,
मग नकाशा घेऊन रायबंदरहून चोडणला, घरी.
पायी जाणाऱ्याला फेरी फुकट, ते एक बरं.

बाबा एकवीस वर्षं बार्जवर तांडेल.
खाणी बंद झाल्या तेव्हापासून
कसिनोच्या जेटीवर रात्रपाळी, टाय लावून.
नकाशा त्यांनी हात लांब करून पाहिला,
चष्मा शेजारीच होता.
"ती रेंव न्हंयची न्हय गो," म्हणाले,
"ती हाडून उडयल्ली."
कुठल्या वर्षी, कुठला ड्रेजर,
दिवा मालवून किती फेऱ्या,
सगळं तोंडपाठ. फायलीत कुठेच नाही.
आईने मध्येच विचारलं, पैसे आले?
मी म्हटलं, येतील. मासे चांगले झालेत.

ती वाळू मी चाळीस चौकोनांत ओतली.
पुन्हा रांग. नंबर एकतीस.
पहाटे आकडे जुळले.
अगदी नाही, पण शेजारी येऊन बसले.

वार्षिक अहवालात, माहितीचा स्रोत या रकान्यात
मी लिहिलं: फटू चोडणकर, तांडेल, तोंडी.
अहवाल परत आला.
स्रोताचे प्रमाणपत्र जोडावे.

मग माझ्याच दाखल्याचा नमुना घेतला,
नाव बदललं:
सदर इसम नदीवर होता, एकवीस वर्षं, समाधानकारक.
खाली सही कुणाची घ्यायची
ते अजून ठरत नाही.
लोटलीकरांनी कागद दोनदा वाचला.
शिक्का मी मारतो, म्हणाले,
आणि शाईची नवी बाटली उघडली.